मित्रांच्या वार्षिक गोल्फ स्पर्धेत गुण कसे मोजावेत

वर्षातून एकदा जमणाऱ्या मित्रांमध्ये एक जण दर रविवारी खेळणारा, तर दुसरा वर्षभर बॅगेला हात न लावलेला असतो. म्हणून शनिवार-रविवारच्या स्पर्धेसाठी नुसते फटके मोजण्यापेक्षा स्टेबलफोर्ड पद्धत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीने १९३२ साली इंग्लंडमधील वॉलसी येथे स्पर्धा झाली होती. होल पारमध्ये, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या फटक्यांत, पूर्ण केल्यास २ गुण, एक फटका जास्त लागल्यास १, एक कमी लागल्यास ३ गुण मिळतात. दोन किंवा अधिक जास्त झाले की शून्य, आणि मग चेंडू उचलून पुढे जाता येत असल्याने मागचा गट खोळंबत नाही.

हँडिकॅपचे, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचे, फटके कार्डावरील स्ट्रोक इंडेक्सनुसार (होलच्या अवघडपणाचा क्रम, १ सर्वांत अवघड) वाटावेत. हँडिकॅप २० असलेल्याला १८ पैकी प्रत्येक होलला एक आणि इंडेक्स १ व २ च्या होलला दोन फटके मिळतात. तिथे पार ४ असताना त्याने ६ फटके घेतले, तरी ते निव्वळ ४ धरून २ गुण लिहावेत. सर्वांचे हँडिकॅप शुक्रवारी रात्रीच निश्चित करावेत, कारण पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, सुरू झालेला वाद दिवसभर पुरतो.

कार्ड स्वतःचे स्वतः न लिहिता जोडीदाराकडे द्यावे. बरोबरी झाल्यास शेवटच्या ९ होलचे गुण पाहावेत. बॅग वाहणाऱ्या कॅडींचे मानधन मात्र वर्गणीतच धरावे. खेळ संपल्यावर त्यांना उन्हात ताटकळत ठेवून सुट्टे पैसे शोधणे अजिबात शोभत नाही.