वेस्टर्न कादंबऱ्यांचे वाचन कोठून सुरू करावे

वेस्टर्न हा अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागात घडणारा कथाप्रकार कधीच न वाचलेल्या माणसाने एखादे चांगले पुस्तक सुचवायला सांगितले की जाणकार वाचक बहुधा आपल्याला सर्वांत थोर वाटणारी कादंबरी पुढे करतो. मग कोणी लॅरी मॅकमर्ट्री यांची आठशेहून अधिक पानांची ‘लोन्सम डव्ह’ घेऊन बसतो, तर कोणी कॉरमॅक मॅकार्थी यांची ‘ब्लड मेरिडियन’ उघडतो, आणि पन्नास-साठ पानांनंतर पुस्तक मिटून हा प्रकार आपल्यासाठी नाही असे ठरवून टाकतो. दोन्ही कादंबऱ्या थोर आहेत, पण त्यांची थोरवी कळण्यासाठी आधी या प्रकाराची रीत अंगवळणी पडलेली असावी लागते. म्हणून पहिले पुस्तक लहान असावे, त्यात एकच ठळक प्रश्न असावा आणि गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज पहिल्या पानापासून ओळखीचा वाटावा.

पुस्तक हाती घेण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी माहीत असली तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. बहुतेक वेस्टर्न कादंबऱ्या अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याच्या १८६५ या वर्षापासून १८९० पर्यंतच्या काळात, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे घडतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन मिळू लागली. मोकळ्या माळरानावर हजारो गुरे चारणाऱ्या रँचमालकांना मात्र ही शेती आणि तिच्याभोवतीची कुंपणे नको होती, आणि १८७४ मध्ये ग्लिडन यांच्या काटेरी तारेला पेटंट मिळाल्यावर तो संघर्ष अधिकच तीव्र झाला. ज्या जमिनीवरून हे भांडण चालले होते ती मुळात तेथील आदिवासी राष्ट्रांची होती. न्यायालय आणि पोलीस शेकडो मैल दूर असताना जमीन व पाणी कोणाचे आणि अन्यायाचा निवाडा कोणी करायचा, हा या कथाप्रकाराचा गाभा आहे. आपल्याकडील अनेकांची या जगाशी ओळख ‘मॅकेनाज गोल्ड’सारख्या चित्रपटांतून झालेली असते आणि त्यामुळे पानोपानी गोळीबाराची अपेक्षा असते. चांगल्या वेस्टर्न कादंबरीत गोळीबार क्वचितच होतो, तो होईपर्यंतचा ताण मात्र सतत जाणवतो, हे नवख्या वाचकाला आधीच सांगून ठेवावे.

पहिले पुस्तक म्हणून मी निःसंकोचपणे चार्ल्स पोर्टिस यांची १९६८ मधील ‘ट्रू ग्रिट’ सुचवतो. आर्कान्सामधील चौदा वर्षांच्या मॅटी रॉसच्या वडिलांचा त्यांच्याच नोकराने फोर्ट स्मिथ येथे खून केला आहे. खुनी टॉम चेनी इंडियन टेरिटरी या आदिवासींसाठी राखलेल्या प्रदेशात पळाला आहे, आणि त्याला शोधण्यासाठी मॅटी रूस्टर कॉगबर्न या एका डोळ्याच्या, दारूबाज डेप्युटी मार्शलला, म्हणजे संघराज्याच्या पोलीस अधिकाऱ्याला, पैसे देऊन कामाला लावते. ही कथा म्हातारपणी स्वतः मॅटीच सांगते. तिची भाषा रेखीव, हिशेबी आणि काटेकोर आहे. शब्दांची बोलीभाषेतली तोडमोड तिच्या निवेदनात फारशी सापडत नाही, त्यामुळे शाळेत व्याकरणशुद्ध इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकाला ती चटकन जवळची वाटते. सुरुवातीलाच ती स्टोनहिल नावाच्या व्यापाऱ्याशी घोड्यांच्या किमतीवरून वाद घालते आणि वकिलाचे नाव पुढे करून त्याला नमवते. केवळ हा प्रसंग वाचून आवडला तर पुस्तक नक्की आवडेल, आणि कंटाळा आला तर दुसरे पुस्तक निवडावे, इतकी ती चाचणी भरवशाची आहे.

दुसरे पुस्तक जॅक शेफर यांचे ‘शेन’ असावे. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी १८८९ च्या वायोमिंगमध्ये घडते. स्टॅरेट कुटुंबाच्या शेतावर एक अनोळखी घोडेस्वार येतो, मजूर म्हणून राहतो, आणि फ्लेचर या रँचमालकाने शेतकऱ्यांना हुसकावण्याचा घाट घातला तेव्हा मागे ठेवलेली बंदूक त्याला पुन्हा हाती घ्यावी लागते. हे सारे स्टॅरेटच्या लहान मुलाच्या नजरेतून दिसते. शेन आणि मुलाचे वडील मिळून अंगणातला एक प्रचंड जुनाट बुंधा कुऱ्हाडीने उखडतात, तो प्रसंग सावकाश वाचावा, कारण दोघांमधली मैत्री एकही भावनिक वाक्य न उच्चारता तेथे उभी राहते. हे पुस्तक लिहिले तेव्हा शेफर यांनी अमेरिकेचा पश्चिम भाग पाहिलेलाही नव्हता, हे कळल्यावर आश्चर्य वाटते.

तिसऱ्या पुस्तकाबाबत माझा आग्रह आहे. ‘शेन’मध्ये ज्या जमिनीसाठी शेतकरी आणि रँचमालक लढतात तिचे मूळ रहिवासी जवळजवळ दिसतच नाहीत, आणि बहुतेक जुन्या वेस्टर्न कादंबऱ्यांत ते दिसलेच तर शत्रू म्हणून दिसतात. म्हणून स्वतः ब्लॅकफीट आणि ग्रो व्हाँत्र या आदिवासी जमातींच्या वंशाचे असलेले जेम्स वेल्च यांची १९८६ मधील ‘फूल्स क्रो’ याच टप्प्यावर वाचावी. पुढे कधीतरी पूरक वाचन म्हणून ती मागे ठेवू नये. मोंटानातील पिकुनी या ब्लॅकफीटांच्याच शाखेचा एक तरुण तिचा नायक आहे. गोऱ्यांना येथे ‘नापिक्वान’ म्हणतात, सैनिक हे ‘पकडणारे’ असतात आणि रॉकी पर्वत हा ‘जगाचा कणा’ असतो, त्यामुळे पहिली वीस-पंचवीस पाने वाचकच परका ठरतो. हा परकेपणा सहन करून पुढे जावे. देवीची साथ आणि २३ जानेवारी १८७० रोजी मरायस नदीकाठी अमेरिकी सैन्याने केलेले हत्याकांड या गोष्टी आतून समजून घेतल्यावर इतर प्रत्येक वेस्टर्न कादंबरी वेगळी वाचली जाते.

यानंतर वाचकाच्या आवडीप्रमाणे वाट बदलावी. थरारक कथा आवडणाऱ्याला एल्मोर लेनर्ड यांची ‘होम्ब्रे’ द्यावी. अपाची या आदिवासी जमातीत राहिलेल्या जॉन रसेलशेजारी बसायलाही नकार देणाऱ्या प्रवाशांना लुटारूंशी गाठ पडल्यावर त्याचाच आधार घ्यावा लागतो, एवढ्या सूत्रावर ती पक्की उभी आहे. न्यायाच्या प्रश्नात रस असेल तर वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्क यांची १९४० मधील ‘द ऑक्स-बो इन्सिडंट’ वाचावी. खुनाच्या नुसत्या वार्तेवरून निघालेला नेवाडातील जमाव तिघांना पकडतो, तेव्हा गप्प राहिलेल्या प्रत्येकाचा त्यात किती वाटा असतो हे ती दाखवते. नात्यांची कथा हवी असेल तर पॉलेट जाइल्स यांची ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ उत्तम आहे. १८७० च्या टेक्सासमध्ये गावोगावी वर्तमानपत्रे वाचून दाखवणारा सत्तरी ओलांडलेला कॅप्टन आणि कायोवा या आदिवासी जमातीकडून परत आणलेली दहा वर्षांची मुलगी यांचा हा प्रवास आहे. या कादंबरीत संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, पण कोण बोलते आहे हे लवकरच कळू लागते.

ओवेन विस्टर यांची १९०२ मधील ‘द व्हर्जिनियन’ आणि झेन ग्रे यांची १९१२ मधील ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ या कथाप्रकाराच्या पायाशी आहेत, परंतु त्यांची वर्णने लांबलचक आहेत, आणि आवड पक्की झाल्यावर इतिहास म्हणून त्या अधिक गोडीने वाचता येतात. लुई लामूर यांची ‘होंडो’ प्रवासात वाचायला छान आहे.

एवढे वाचून झाले की ‘लोन्सम डव्ह’ हाती घ्यावी. १९८६ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या या कादंबरीत टेक्सास रेंजर या सशस्त्र पोलीस दलातून निवृत्त झालेले गस मॅक्रे आणि वुड्रो कॉल गुरांचा मोठा कळप रिओ ग्रांदेपासून मोंटानापर्यंत हाकत नेतात. सुरुवातीचा मोठा भाग ओसरीवरच्या गप्पा, डुकरे, ऊन आणि कंटाळा यांत जातो, आणि येथेच पुष्कळ जण थांबतात. पात्रांची नावे आणि त्यांची परस्परांशी असलेली नाती एका कागदावर टिपून ठेवावीत आणि रोज वीस-तीस पाने वाचत राहावे, कारण पुढच्या प्रवासात कोणावर काय ओढवते याचा घाव या गप्पांतून जडलेल्या जिव्हाळ्यामुळेच खोलवर बसतो. या मालिकेतील आणखी तीन कादंबऱ्या नंतर निघाल्या आणि त्यांपैकी दोन कादंबऱ्यांत गस आणि कॉल यांचे पूर्वायुष्य आहे, तरीही काळाच्या क्रमाने न जाता १९८५ मधली हीच आधी वाचावी. ‘ब्लड मेरिडियन’ला त्यानंतरच हात घालावा, तिच्यातील हिंसा अतिशय उघड आहे आणि स्पॅनिश संवाद भाषांतराविना येतात, त्यामुळे ती थोडी थोडी करून वाचणे बरे.