नाटकाचं पोस्टर कसं करावं

नाटकाचं पोस्टर हाती आलं की पहिला मोह कलाकारांचे चेहरे ओळीने लावायचा होतो. तो आवरा. आधी संहिता वाचा, एखाद्या तालमीला जाऊन बसा आणि दिग्दर्शकाला एकच विचारा: पडदा पडल्यावर प्रेक्षकाच्या मनात काय उरायला हवं? कथानक सांगण्याचं काम पोस्टरचं नाही.

मग त्या उत्तराला शोभेल अशी एकच प्रतिमा शोधा. पोलिश चित्रकार यान लेनित्सा यांनी १९६४ साली 'वॉत्सेक' या ऑपेराचं पोस्टर केलं. कथेत सैनिक आहे, खून आहे, तळं आहे. पोस्टरवर यातलं काहीच नाही. आहे ते फक्त एक उघडं तोंड आणि त्याभोवती पसरत गेलेल्या लाल लाटा. बघणाऱ्याला किंकाळी ऐकू येते! इतकं नेमकं काही सापडेपर्यंत अंगठ्याएवढी कच्ची रेखाटनं काढत राहा. त्या आकारात जे कळत नाही, ते मोठं केल्यावरही कळत नाही. दोन कल्पना सारख्याच आवडल्या तर एक पुढच्या नाटकासाठी ठेवा.

आता अक्षरं. नाटकाचं नाव सर्वांत ठळक, त्याखाली वार, तारीख, वेळ, नाट्यगृह आणि तिकीट कुठे मिळेल ते. वार गाळू नका, बेत वारावरच ठरतात. श्रेयनामावली तळाशी. कुणाचं नाव आधी आणि केवढं, हे कधीकधी करारातच ठरलेलं असतं, म्हणून ते निर्मात्याला आधीच विचारा. देवनागरीत ओळी फार जवळ घेतल्या तर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. माझं मत विचाराल तर नाव हातानेच लिहून घ्यावं, त्यात नाटकाचा स्वभाव उतरतो.

कच्ची प्रत काळ्या-पांढऱ्यात छापून भिंतीवर लावा आणि दहा पावलं मागे जा. नाव वाचता आलं नाही तर रंगांनी ते सुधारणार नाही. तीच प्रत मोबाइलवरही लहान करून बघा.

छपाईला देताना ए२ आकार म्हणजे ४२० × ५९४ मिमी, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग), चित्रं ३०० डीपीआयची (दर इंचाला तेवढे ठिपके). फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) रंगपद्धतीत करा. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा कागदावर मंदावतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून काळा केला आणि छपाई जराशी सरकली, तर अक्षरं धूसर दिसतात. फॉन्ट आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका, नाहीतर जोडाक्षरं फुटण्याची भीती असते. प्रूफ दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या आणि वार-तारीख कॅलेंडरशी ताडून बघा.

नाटक गावोगावी फिरणार असेल तर तळाशी कोरी पट्टी सोडून जास्त प्रती एकदम छापा. प्रत्येक प्रयोगाचा तपशील त्यावर नंतर छापता किंवा चिकटवता येतो.