भिजत पडलेली कामे मार्गी कशी लावावीत

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली एचएसआरपी, बसवून घेण्यासाठी महाराष्ट्रात आधी ३१ मार्च २०२५ ही मुदत होती. ती ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर अशी सरकत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. मुदत वाढल्याची बातमी आली की हायसे वाटायचे आणि तो विषय पुन्हा बाजूला पडायचा, हे जुनी दुचाकी वापरणारे बहुतेक पुणेकर मान्य करतील. खरे तर काम किरकोळ होते. संकेतस्थळावर नोंदणी, चासी आणि इंजिन यांचे क्रमांक भरायचे, पैसे भरायचे, केंद्र आणि वेळ निवडायची आणि त्या दिवशी गाडी घेऊन जायचे. पण त्याआधी आरसी बुक शोधावे लागत होते, आणि ते कोणत्या कपाटात आहे हे घरात कोणालाच नक्की आठवत नव्हते.

मुदत वाढल्यावर जे हायसे वाटते, त्यातच चालढकलीचे मर्म आहे. फ्युशिया सिरोईस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली असे मांडले की, चालढकल ही वेळेच्या नियोजनातील त्रुटी असण्यापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याची एक घाईची युक्ती असते. एखाद्या कामाच्या विचाराने अस्वस्थता येते, ते काम बाजूला सारताच ती ओसरते, आणि हा तात्काळ मिळालेला दिलासा पुढच्या वेळीही तेच करण्याची सवय लावतो. किंमत नंतर चुकवावी लागते, पण ती चुकवणारा ‘उद्याचा मी’ आज समोर नसतो. डायन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांना १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबाबत हाच हिशेब दिसला. चालढकल करणारे सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा कमी तणावात होते. सत्र संपत आले तेव्हा त्यांचा तणाव अधिक होता आणि गुणही कमी होते.

म्हणून आळस आणि चालढकल यांची गल्लत करू नये. आळशी मनुष्य निवांत पडून राहतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. चालढकल करणारा मात्र त्या काळात अनेकदा घरातला सर्वांत कष्टाळू माणूस असतो: प्रबंधाचे प्रकरण लिहायचे असते त्या सकाळी तो स्वयंपाकघरातील फडताळे पुसून काढतो, मंडईतून भाजी आणतो, शेजाऱ्यांच्या गॅस सिलिंडरची चौकशीही करून येतो. विचारपूर्वक पुढे ढकललेले कामही चालढकलीत मोडत नाही. पावसाळा संपल्यावर गच्चीचे काम काढू, हा निर्णय आहे. त्याला कारण आहे आणि साधारण वेळही ठरलेली आहे. पुढे ढकलल्याने आपलेच नुकसान होणार हे ठाऊक असूनही जे ढकलले जाते, तेवढ्यापुरतेच हे विवेचन समजावे.

कोठे अडले आहे ते आधी शोधावे

सर्व कामांना एकच औषध लावण्याचा मोह टाळावा. एका कागदावर रखडलेली कामे लिहावीत आणि प्रत्येकासमोर एका वाक्यात उत्तर लिहावे: या कामाचा विचार आला की नकोसे काय वाटते? उत्तर प्रामाणिक असले की बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण हाती लागते. काम कंटाळवाणे असते, किंवा ते नक्की कोठून सुरू करायचे हे कळलेले नसते, किंवा निकालाची वा कोणाच्या तरी प्रतिक्रियेची भीती असते, किंवा ते काम आपल्यावर लादले गेल्याची चीड असते.

कंटाळ्यावरचा उपाय सोपा आहे. काम लहान तुकड्यांत करावे, सोबत रेडिओ लावावा, शक्य असल्यास पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यावे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. चीड असेल तर कामाच्या मागे लागण्याऐवजी ज्याने ते लादले त्याच्याशी एकदा स्पष्ट बोलणे अधिक उपयोगाचे ठरते.

संदिग्धतेकडे मात्र सविस्तर पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते घरगुती कामांतील निम्म्याहून अधिक चालढकल तिच्यातूनच जन्मते. मृत्युपत्राचे उदाहरण घेऊ. पुण्यात साठी ओलांडलेल्या, सदनिका आणि ठेवी असलेल्या कितीतरी सुशिक्षित कुटुंबांत ‘एकदा मृत्युपत्र करून टाकले पाहिजे’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते. त्याला कोणतीही शासकीय मुदत नाही, दंड नाही, स्मरणपत्र येत नाही. मुलगा विषय काढू शकत नाही, कारण ‘बाबांच्या जागेवर याचा डोळा आहे’ असे कोणाला वाटेल याची त्याला धास्ती असते, आणि वडिलांना तो विषय काढणे अशुभ वाटते. पण भीतीच्या जोडीला येथे अज्ञानही असते. अनेकांना वाटते की यासाठी मुद्रांक हवा, वकील हवाच, नोंदणी केलीच पाहिजे. वस्तुतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र लेखी असावे, करणाऱ्याने त्यावर सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी ते साक्षांकित करावे, एवढ्या मूलभूत अटी आहेत. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणी ऐच्छिक आहे. साक्षीदार लाभार्थी नसलेले आणि शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत, हे शहाणपणाचे. मिळकत गुंतागुंतीची असेल किंवा वाद संभवत असेल, तर वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

आता यादीतील ‘मृत्युपत्र करणे’ ही ओळ खोडावी, कारण ते एक काम नाही. ती सात-आठ कामांची मोळी आहे. तिच्या जागी हाताने करता येईल अशी पहिली कृती लिहावी: ‘बँकेची पासबुके आणि सदनिकेची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या दस्तनोंदणीचा उतारा) एका पाकिटात ठेवणे.’ ती झाली की पुढची: ‘काय कोणाला द्यायचे ते अर्ध्या पानावर पेन्सिलीने लिहिणे.’ पेन्सिलीने म्हणण्यालाही कारण आहे. आज लिहिले ते अंतिम नाही हे दिसत राहिले की हात अडत नाही. ओळ योग्य लिहिली गेली आहे की नाही याची कसोटी अशी की, ती वाचून घरातला दुसरा कोणीही, काहीही न विचारता, ते काम करायला उठू शकला पाहिजे.

गृहनिर्माण संस्थांतील मानीव अभिहस्तांतरणाचे, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचे (बिल्डरने जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नसेल, तर ती कायद्याने करून घेण्याचे), घोडे अशाच ठिकाणी अडते. सदनिकांच्या मालकीविषयीच्या मोफा कायद्यात ही तरतूद २००८ मध्ये आली आणि त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, हे वार्षिक सभेत दरवर्षी कोणीतरी सांगते. ‘समितीने पाठपुरावा करावा’ असा ठराव होतो आणि वर्ष सरते. प्रत्येक सभासदाच्या कराराची आणि सूची क्रमांक दोनची प्रत गोळा करण्याचे काम एका नावावर टाकले, आणि ते नाव इतिवृत्तात लिहिले, तरच अर्ज पुढे सरकतो. समिती कधी कोणाच्या दारावर प्रत मागायला जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जातात.

वेळेसोबत जागाही ठरवावी

‘या आठवड्यात करीन’ हा संकल्प झाला, योजना नव्हे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘जर अमुक झाले, तर मी तमुक करीन’ अशा घडणीच्या निश्चयांचा प्रभाव मांडला, आणि पुढे पास्कल शीरन यांच्यासह २००६ साली केलेल्या ९४ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात अशा निश्चयांमुळे उद्दिष्टपूर्तीत मध्यम ते मोठा फरक पडल्याचे दिसले. कारण असे की, कधी सुरू करायचे हा निर्णय आयत्या वेळी घ्यावा लागत नाही; ठरलेला प्रसंग आला की कृती आठवते. पुण्याच्या मिळकतकराचेच पाहा. मुदतीत भरल्यास सर्वसाधारण करात सवलत मिळते, उशीर झाल्यास दरमहा दोन टक्के शास्ती लागते, आणि स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत मिळवायची तर पीटी-३ अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. तेव्हा ‘मिळकतकराचे बघायचे आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘शनिवारी सकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बिलात ४० टक्के सवलत लागली आहे का ते पाहीन’ असे लिहावे. ज्या सवयीला हे जोडायचे ती रोज न चुकता घडणारी असावी. ‘वेळ मिळाला की’ हा असा प्रसंग आहे की तो कधी घडतच नाही.

किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना मात्र स्वतःवर विश्वास ठेवू नये. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ सालच्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले, आणि सगळे बिनसले तर किती लागतील, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही सुमारे ४९ दिवसांचेच होते. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही आशावादीच निघाला. विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांनी, तसेच दिवाळीआधी घराची रंगरंगोटी काढणाऱ्यांनी, ‘या वेळी किती लागेल’ हा प्रश्न सोडून ‘मागच्या वेळी किती लागले होते’ हा प्रश्न विचारावा आणि ते उत्तर निमूटपणे स्वीकारावे.

स्वतःच ठरवलेली मुदत स्वतःच मोडता येते, त्यामुळे तिला एक साक्षीदार द्यावा. सदाशिव पेठेतल्या आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले महिन्याचे पैसे भरून बसतात ते केवळ खोलीवर जागा नसते म्हणून नव्हे. शेजारच्या टेबलावरचा मुलगा वाचत असताना उठून जाणे जड जाते, हाही त्या शुल्काचा मोबदला असतो. नोकरी करणाऱ्यांना हे मित्राच्या मदतीने साधता येते: ‘रविवारी सहा वाजता मसुदा पाठवतो, जसा असेल तसा.’ यातील ‘जसा असेल तसा’ हे शब्द वगळू नयेत. परिपूर्णतेच्या हट्टाने अडलेल्यांची भीती त्यामुळेच सैल होते. मोबाइलबद्दल एवढेच सांगता येईल की, काम करताना तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. उलटा करून टेबलावर ठेवणे पुरेसे नाही.

घरच्यांनी काय करावे

‘अजून झालं नाही का?’ या प्रश्नाने काम पुढे गेल्याचे उदाहरण विरळाच. ज्या अस्वस्थतेपासून माणूस पळत असतो तिच्यात लाजेची भर पडते आणि तो आणखी दूर पळतो. ‘अहो, त्या क्लेमच्या फॉर्मचं नक्की कुठे अडलंय?’ असे विचारले, तर कदाचित कळते की डॉक्टरांच्या सहीसाठी पुन्हा त्या इस्पितळात पाऊल ठेवायलाच मन धजत नाही. मग सोबत जाणे हा उपाय ठरतो, आठवण करणे नव्हे. स्वतःशी बोलतानाही हाच स्वर ठेवावा. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात मायकल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले होते त्यांनी पुढच्या परीक्षेआधी ती कमी केली. आपल्याकडे स्वतःला कोसणे ही सुधारणेची पहिली पायरी मानतात. या निष्कर्षाशी ते जुळत नाही.

महिनोन्‌महिने जवळजवळ प्रत्येकच गोष्ट रखडत असेल, पूर्वी आवडणाऱ्या कामांतही मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, किंवा लहानपणापासूनच लक्ष एका जागी टिकत नसेल, तर नैराश्य किंवा अवधानाशी निगडित विकार असू शकतो. तेव्हा वरील युक्त्या करून पाहत वेळ दवडू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र शासनाच्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

शेवटी पुन्हा त्या कागदाकडे वळावे. त्यावर काही ओळी अशा असतील की त्यांची पहिली कृतीही लिहावीशी वाटत नाही: दहा वर्षांपूर्वी घेतलेली पेटी शिकणे, जुन्या नियतकालिकांचे अंक लावून ठेवणे, कोणाच्या तरी आग्रहाखातर स्वीकारलेले स्मरणिकेचे संपादन. अशा ओळी उघडपणे खोडून टाकाव्यात. पेटी शिकू इच्छिणाऱ्या कोणाला तरी द्यावी, अंक एखाद्या ग्रंथालयाला हवे आहेत का ते विचारावे, आणि संपादन जमणार नाही हे स्मरणिकेच्या मंडळींना याच आठवड्यात फोन करून कळवावे, म्हणजे त्यांना दुसरा संपादक शोधायला वेळ मिळेल.