निकालाची वाट पाहू नका, फाइल आजच उघडा

माझ्या भाच्यावर पुण्यात हडपसरच्या बाजूला रात्री कामावरून परतताना कोयत्याने वार झाले. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या शिरा तुटल्या. वार करणारे सापडले नाहीत. ‘आधी केस उभी राहू दे, निकाल लागू दे, मग सरकारकडून काय मिळायचं ते मिळेल,’ असं ओळखीतल्या एकाने सांगितलं आणि आम्ही दीड वर्ष गप्प बसलो. ते साफ चुकीचं होतं. गुन्हेगार सापडला नाही, खटलाच चालला नाही, तरी जखमी माणसाला किंवा त्याच्या जिवावर जगणाऱ्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो. ही सोय ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. पैसे राज्याच्या निधीतून येतात, आरोपीच्या खिशातून नाही. त्यामुळे ज्या दिवशी घात होतो, त्याच दिवसापासून तयारी सुरू करायची.

सगळ्यात आधी घरातलं एक माणूस या कामासाठी ठरवा. आईवडील नकोत, ते उशापाशी बसलेले असतात. मावशी, चुलतभाऊ, शेजारचे काका, कुणीही चालेल, पण एकच. त्याच्याकडे एक जाड फाइल आणि एक वही द्या. वहीत तारीख, कुठे गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं, एवढं रोज लिहायचं. सहा महिन्यांनी आठवणीवर विसंबता येत नाही.

पहिला कागद एफआयआरचा. फिर्यादीला आणि पीडिताला त्याची प्रत मोफत मिळते, हा हक्क आहे, त्यासाठी हात जोडायची गरज नाही. पुण्यात एक गोष्ट घोटाळा करते: पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. हद्द कुणाची यावरून तुम्हाला परत पाठवायला लागले, तर हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते, हे शांतपणे सांगा. प्रत हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, वय, पत्ता, दुखापत कुठे झाली, हत्यार कोणतं, हे नीट बघा. भाच्याच्या एफआयआरमध्ये वडिलांचं नाव चुकलं होतं आणि ती एक चूक पुढे प्रत्येक टेबलावर आडवी आली. गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपास अधिकाऱ्याचा फोन वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. तो दिवसही वहीत आधीच मांडून ठेवा.

दवाखान्याच्या कागदांत खरी मेहनत आहे. ससूनमध्ये न्या, औंधच्या जिल्हा रुग्णालयात न्या की खासगीत, मारहाणीची केस आली की एमएलसी होते, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाची केस (मेडिको-लीगल केस) अशी तिची नोंद होते. तो एमएलसी नंबर लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, एक्स-रे आणि एमआरआयचे रिपोर्ट, पुन्हा दाखवायला गेल्याच्या चिठ्ठ्या, सगळं मूळ स्वरूपात सांभाळा. औषधांच्या दुकानातली बिलं गुळगुळीत कागदावर छापलेली असतात आणि चार-सहा महिन्यांत ती कोरी पडतात. आमच्या पिशवीतली निम्मी बिलं अशीच पांढरी निघाली. त्या दिवशी मला रडू आलं, कारण ते पैसे ताईने मंगळसूत्र गहाण ठेवून भरले होते. तेव्हा बिल हातात पडलं की त्याच संध्याकाळी झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो, हा नियमच करा. रिक्षाचं भाडं, फिजिओथेरपीचे पैसे, सोबतच्या माणसाचं जेवण, याचाही हिशोब वहीत तारखेसह ठेवा. माणूस दाखल असतानाच मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला भेटा. घरी आल्यावर आठवण होऊन उपयोग नसतो. बलात्कार, अॅसिड हल्ला आणि बालकांवरील गंभीर लैंगिक अत्याचारांत मात्र कोणत्याही दवाखान्याने, खासगीनेसुद्धा, मोफत उपचार करायचे, असा कायदाच आहे. तिथे डिपॉझिट मागितलं तर भरू नका, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ चं नाव घ्या.

कायमचं अपंगत्व राहणार असं डॉक्टर म्हणत असतील, तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रक्रिया लवकर सुरू करा. माणूस दगावला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतात. या घरांना मी एवढंच सांगते, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा, दर वेळी त्याच खिडकीशी जाऊन तेच नाव उच्चारणं फार जड जातं.

कमाईचा पुरावा म्हणजे पगाराची स्लिप, असं आपण धरून चालतो आणि ज्यांना स्लिप मिळत नाही, ते हा रकाना कोराच सोडतात. सोडू नका. मार्केट यार्डातल्या हमालाची मजुरी माथाडी मंडळाकडे नोंदलेली असते. डिलिव्हरी करणाऱ्या पोराची कमाई अॅपमध्ये आठवड्यागणिक दिसते, तिचे स्क्रीनशॉट काढा. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिच्या चार घरांकडून दोन ओळींची सही केलेली चिठ्ठी मिळू शकते, आणि मागितली तर लोक देतात. जोडीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्या.

बँकेचं खातं पीडिताच्या स्वतःच्या नावाचं हवं. ते चालू आहे का, केवायसी पूर्ण आहे का, हे शाखेत जाऊन विचारा. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होत नाही, आणि मंजूर झालेले पैसे तिथेच अडतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी आधार, पासबुक आणि एफआयआर शेजारी ठेवून तिन्हीकडचं नाव ताडून पाहावं.

आता अर्ज. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरलात की समोरच. ‘लीगल एड कुठे?’ विचारलं की कुणीही दाखवतं. अर्जाला पैसे पडत नाहीत. वकील हवा असेल तर बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना तो तिथूनच मोफत मिळतो, बायकांना तर उत्पन्नाची अटही नाही. जाता येत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. उपचार अडले असतील तर मुख्य अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निर्णयाआधीच्या, मदतीचाही अर्ज द्या. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर तातडीची मदत देता येते. बाकी चौकशी दोन महिन्यांत संपवायची आहे, असं कायदा म्हणतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बलात्कार, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा) आणि अॅसिड हल्ल्याच्या प्रकरणांत आर्थिक मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे, तिचाही मार्ग याच कार्यालयातून जातो. अॅसिड हल्ल्यात किमान तीन लाख, त्यातला एक लाख १५ दिवसांत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. पॉक्सोमध्ये खटला चालू असतानाच विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. जातीय अत्याचाराच्या गुन्ह्यात समाजकल्याण खात्याकडून वेगळी मदत असते. खुनाच्या प्रकरणात ती सव्वाआठ लाख आहे आणि निम्मी शवविच्छेदनानंतरच द्यायची असते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात कागदांची वेगळी काळजी घ्या. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, म्हणून कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे संच ठेवून चहाला जाऊ नका. काढा, मोजा, उचला. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एफआयआर टाकू नका.

प्राधिकरणात बोलावलं की पीडिताला मोकळेपणाने बोलू द्या, मध्ये बोलू नका. भाच्याला विचारलं, ‘आता काय करता येत नाही?’ तो म्हणाला, ‘शर्टाची बटणं.’ तोवर आम्हा कुणाला ते ठाऊक नव्हतं, कारण तो टी-शर्टच घालत होता. असं रोजचं काय अडतं, ते त्याच्याकडून आधीच शांतपणे ऐका आणि त्याच्याच शब्दांत अर्जात लिहा.

सगळी रक्कम एकदम हातात येईल असं धरून उसनवारी करू नका. बराचसा भाग मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होतो, अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर मोठा भाग. ठेवीच्या पावतीची तारीख वहीत लिहा. आदेश हाती पडेल त्या दिवसाची तारीखही पाकिटाच्या कोपऱ्यावर पेनाने टाका. रक्कम नाकारली किंवा फारच कमी वाटली तर राज्य प्राधिकरणाकडे अपील करायचं असतं, आणि त्याचे दिवस त्या तारखेपासून मोजतात.