परदेशी जोडीदाराला बडोद्यात आणताय? व्हिसाच्या या चुका टाळा

बडोद्याच्या मराठी घरांत परदेशी सून किंवा परदेशी जावई ही आता नवलाई राहिलेली नाही. कुणाची ओळख सयाजीराव विद्यापीठात शिकताना झालेली असते, कुणाची मेलबर्नला नोकरी करताना. घरच्यांची समजूत पटते, मुहूर्त निघतो, हॉल ठरतो, आचारी ठरतो. व्हिसाचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "आधी येऊ दे, मग बघू." पुढचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. परदेशी नवरा किंवा बायको असेल तर भारताचे नियम तसे कठोर नाहीत. पण ते तारखांवर चालतात, आणि चुकलेली तारीख मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही.

"पार्टनर व्हिसा" शोधत बसणं

ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमध्ये राहून आलेली मुलं इथेही तसाच काहीतरी व्हिसा असेल असं धरून चालतात. भारतात लग्नाविना सोबत राहणाऱ्या जोडीदारासाठी व्हिसा नाही, आणि वाग्दत्त वधू-वरांसाठीही नाही. भारतीय नागरिकाच्या पती किंवा पत्नीसाठी आहे तो एंट्री व्हिसा, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. पुढे लग्नाला पुरेसा काळ झाला की ओसीआय कार्ड, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिक राहूनच भारतात कायम ये-जा करू देणारं कार्ड. हे दोनच मुख्य रस्ते, आणि दोन्हींच्या दाराशी विवाह प्रमाणपत्र मागतात.

लग्न करायचं नसेल किंवा करता येत नसेल, तर समोरच्याने स्वतःच्या पायावर व्हिसा मिळवायला हवा: शिक्षणाचा, नोकरीचा, व्यवसायाचा. समलिंगी जोडप्यांना आज हाच मार्ग उरतो, कारण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. एकमेकांची जबाबदारी मनापासून घेतलेल्या माणसांसाठी हे अन्यायाचं आहे असं मला वाटतं. पण अर्ज भरताना आजच्या कायद्यावरच भरावा लागतो.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात राहायला व्हिसा लागत नाही. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या बाबतीत नियम अगदी वेगळे आणि कडक आहेत. तिथली सोयरीक असेल तर पुढचं वाचून अंदाज बांधू नका, थेट जाणत्या वकिलाकडे जा.

30 दिवसांच्या ई-व्हिसावर लग्न उरकायला बोलावणं

सगळ्यात जास्त मनस्ताप या चुकीतून होतो, म्हणून इथे थोडं थांबू. ई-टुरिस्ट व्हिसा घरबसल्या मिळतो, म्हणून तोच काढला जातो. आता हिशेब करा. दोघांचे धर्म वेगळे असतील तर लग्न साधारणपणे विशेष विवाह कायदा, 1954 खाली होतं. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती लावली जाते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. म्हणजे विमानतळावर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस दिली तरी 30 दिवसांचा व्हिसा लग्नाच्या आधीच संपतो. शिवाय ई-व्हिसा वाढवता येत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलताही येत नाही. हे त्याच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही.

याच कायद्यातली एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. नोटिशीआधी निदान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असणं ही अट दोघांपैकी एकानेच पूर्ण करायची असते. तुम्ही बडोद्यात राहत असाल तर ती पूर्ण झालीच. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर ती नोटीस बाद होते, हेही लक्षात असू द्या. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात.

मग करायचं काय? लग्न इथेच करायचं असेल तर जोडीदाराने त्याच्या देशातल्या भारतीय दूतावासातून रीतसर पासपोर्टवरचा व्हिसा घ्यावा, आणि मुक्काम दोन-अडीच महिन्यांचा धरावा. लग्नाची नोंद झाली की व्हिसाची मुदत शिल्लक असतानाच तो एक्स व्हिसात बदलण्यासाठी ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या (एफआरआरओ) संकेतस्थळावर अर्ज करता येतो. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र आणि भारतीय जोडीदाराचं हमीपत्र लागतं, आणि दोघं खरंच एकत्र राहतात का याची पोलीस चौकशी होते. चौकशीला घाबरण्याचं कारण नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

माझा सल्ला विचाराल तर कागदावरचं लग्न आधी जोडीदाराच्या देशात करा, तिथलं प्रमाणपत्र अपोस्टिल करून घ्या (म्हणजे दुसऱ्या देशात ते खरं मानलं जावं म्हणून तिथला अधिकृत शिक्का घ्या) आणि तिथल्याच भारतीय दूतावासात एक्स व्हिसाचा अर्ज द्या. दोन्ही घरची माणसं जमवून थाटाचं लग्न मग बडोद्यात लावा. आजीला मंगलाष्टकं ऐकायला मिळतात आणि उतरल्या दिवसापासून कागद स्वच्छ असतात. परदेशातच भारतीय दूतावासाच्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करण्याची सोय विदेशी विवाह कायदा, 1969 मध्ये आहे. पण प्रत्येक देशात ती सारखी चालत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

अर्ज करताना संकेतस्थळाचा पत्ता गव्ह डॉट इन असा संपतो की नाही ते पाहा. हुबेहूब दिसणारी खासगी पानं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

सप्तपदी झाली म्हणजे लग्न झालं, असं समजणं

घरच्यांच्या दृष्टीने झालं. कायद्याच्या दृष्टीने हिंदू विवाह कायदा तेव्हाच लागू होतो, जेव्हा वधू आणि वर दोघंही हिंदू असतात. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तींमध्ये या कायद्याखाली झालेला विवाह रद्दबातल ठरवला होता. राष्ट्रीयत्वाचा इथे प्रश्न नाही. मॉरिशसच्या मराठी हिंदू घरातली मुलगी असेल तर भारतात सप्तपदीने झालेलं लग्न याच कायद्याखाली नोंदवता येतं. पण जोडीदार ख्रिस्ती किंवा इतर धर्माचा असेल, तर केवळ विधीच्या जोरावर केलेली नोंद पुढे ओसीआयच्या वेळी उघडी पडते.

विधी होऊन गेलेत आणि विशेष विवाह कायद्याखाली काहीच केलेलं नाही, अशा जोडप्यांनी हातपाय गाळू नयेत. त्या कायद्याचं कलम 15 आधी झालेल्या लग्नाच्या नोंदणीसाठीच आहे. मात्र तिथे दोघांनीही अर्जाआधी निदान 30 दिवस जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं, आणि पुन्हा 30 दिवसांची नोटीस असते. म्हणजे व्हिसाला दोन महिन्यांहून अधिक मुदत हवी.

नोंदणीची घाई का करायची, तर त्याचं खरं कारण ओसीआय आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम 7ए नुसार लग्न नोंदवलेलं असावं लागतं आणि अर्जाच्या लगेच आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. लग्न डिसेंबरात थाटात झालं आणि नोंद "सवडीने करू" म्हणत दीड वर्षाने केली, तर अर्जही तितकाच लांबण्याची पाळी येते. हॉलची अनामत देता त्याच आठवड्यात नोंदणीची तारीखही ठरवा.

नावांचा गोंधळ

गुजरातेत शाळेच्या दाखल्यापासून सातत्याने आडनाव आधी लिहितात. मग एकाच मुलाचं नाव दाखल्यावर आडनाव-नाव-वडिलांचं नाव, पासपोर्टवर दुसऱ्या क्रमाने आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसऱ्याच क्रमाने येतं. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण परदेशी दूतावासातल्या कारकुनाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. लग्नाचा अर्ज भरतानाच दोघांची नावं पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणे, त्याच क्रमाने लिहा. प्रमाणपत्र गुजरातीत मिळालं तर इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या.

आपल्याकडे तांदळात नवं नाव लिहिण्याची रीत आहे. हौसेने लिहा, त्या नावाने हाकही मारा. पण सरकारी अर्जात ते नाव घुसवू नका. सूनबाईंना आडनाव बदलायचंच असेल तर आधी त्यांच्या देशाच्या पासपोर्टवर बदलू द्या आणि मगच इथले कागद हलवा. मुलाच्या पासपोर्टमध्ये मात्र पत्नीचं नाव घालून घेतलेलं पुढे उपयोगी पडतं.

परदेशातून आणायच्या कागदांचंही असंच. जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र, आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूम, हे सगळं तिथेच अपोस्टिल करून आणायचं. भारतात 2005 पासून अपोस्टिल चालतं. एकदा इथे येऊन पोचल्यावर तिकडचा शिक्का मिळवणं म्हणजे नुसती कुरिअरची धावपळ.

आल्यावर निवांत होणं

पाहुणचार सुरू होतो, मांजलपूरच्या मावशीकडे जेवण, दांडिया बाजारातल्या काकांकडे केळवण, आणि दिवस निघून जातात. परदेशी नागरिक ज्या घरात उतरतो त्या घराने 24 तासांत ऑनलाइन माहिती द्यायची असते. वर्षानुवर्षं लोक याला सी-फॉर्म म्हणत आलेत. हे फक्त हॉटेलांपुरतं नाही. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याने साधारणपणे आल्यापासून 14 दिवसांच्या आत एफआरआरओकडे नोंदणी करायची असते. व्हिसावर नोंदणीबद्दल जे वाक्य छापलंय ते विमानात बसण्याआधी वाचा.

गुजरातचं एफआरआरओ कार्यालय अहमदाबादला आहे, पण अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो. प्रत्येक कामासाठी तिथवर जायची गरज नाही, आणि दलालाचीही नाही. पत्त्याच्या पुराव्यासाठी लाइट बिल किंवा महापालिकेच्या वेऱ्याची (घरपट्टीची) पावती लागते. ती आजोबांच्या नावावर असेल तर नातं दाखवणारा कागद आणि आजोबांचं संमतीपत्र जोडा. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणीकृत भाडेकरार करा. घर बदललं, पासपोर्ट नवा झाला, की तेही कळवायचं.

"दोन-चार दिवस वर गेले तर काय होतंय?"

पुष्कळ होतं. 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, 2025 लागू झाला आहे. परकीयांबद्दलचे 1939 आणि 1946 चे जुने कायदे त्याने बाजूला केले. मुदत संपूनही राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे.

शिक्षेपेक्षा मोठी भीती मला वेगळीच वाटते. भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायचं असेल, आणि आईवडिलांपैकी एकच भारतीय असेल, तर दुसरा त्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. आणि मुदतीपलीकडे राहिलेला माणूस कायद्याच्या व्याख्येत बेकायदा स्थलांतरितच असतो. बाळंतपणाच्या गडबडीत सूनबाईंच्या व्हिसाची तारीख विसरली, तर त्याची झळ बाळाच्या नागरिकत्वाला लागू शकते. घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरच्या तारखांसोबत व्हिसाची तारीखही कॅलेंडरवर लिहा.

मुदत उलटून गेलीच असेल तर लपू नका आणि थेट विमानतळावरही जाऊ नका. ई-एफआरआरओवर उशिराचं कारण लिहून अर्ज करा, दंड भरा, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. आपणहून आलेल्या माणसाला मिळणारी वागणूक पकडल्या गेलेल्या माणसाला मिळत नाही.

एक्स व्हिसावर नोकरी

एक्स व्हिसा राहण्यासाठी आहे, त्याने आपोआप कामाचा हक्क मिळत नाही. शाळेत इंग्रजी शिकवणं असो की आयटी कंपनीतली जागा, परवानगी आधी आणि रुजू नंतर. पॅन कार्ड परदेशी नागरिकालाही मिळतं. गेल्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहणं झालं असेल तर आधारही मिळतं, मात्र त्याची मुदत व्हिसाशी बांधलेली असते. बँकेचं खातं त्यांच्या स्वतःच्या नावाने उघडून द्या. परक्या देशात आलेल्या माणसाच्या हातात स्वतःचे चार पैसे आणि स्वतःचा पासपोर्ट असलाच पाहिजे.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व, हा समज

ओसीआय मिळालं की आयुष्यभर कितीही वेळा ये-जा करता येते, एफआरआरओची नोंदणी सुटते, सर्वसाधारण नोकरी-धंदा करता येतो. मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण यांसाठी 2021 पासून वेगळी परवानगी लागते. भारतात अर्जाची फी 15,000 रुपये आहे.

लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड लग्नाशीच जोडलेलं राहतं. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. म्हणूनच दरवेळी नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांत तो संकेतस्थळावर चढवून लग्न कायम असल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं. मुलाच्या आईवडिलांनीही हे समजून घ्यावं. घरातल्या भांडणात "तुझा व्हिसा आमच्या हातात आहे" असं कुणी बोललं, तर ते घर कोणत्याच कागदाने सावरत नाही.

पूर्ण नागरिकत्व हवं असेल तर नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 प्रमाणे भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीने अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि मूळ देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. त्या सात वर्षांचा हिशेब पासपोर्टवरच्या शिक्क्यांनी आणि नोंदणीच्या कागदांनी द्यायचा असतो, तेव्हा मुदत संपलेले जुने पासपोर्ट रद्दीत टाकू नका.