अर्धशिशीवाल्यांनो, कॅलेंडरवर फुली मारा

महिन्यात चार-पाच वेळा अर्धं डोकं ठणकायलंय तर नुसती मेडिकलमधली गोळी गिळत बसू नका, कॅलेंडरवर लिहा, डोकं कधी उठलं, झोप किती, जेवण चुकलं का, पाळी, गोळी कुठली. आमच्या आईच्या फुल्या दर महिन्याला संकष्टीच्या चौकोनात निघाल्या, उपास आणि वर खडेबाजारातलं ऊन, तेव्हा कुठं कळलं. आणि हे नीट बघा, साधी पेनकिलर महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं. ते पान घेऊन बेळगावात न्यूरॉलॉजिस्टकडं जावा, अटॅकच कमी करणारी रोजची औषधं वेगळी असतात, गुण यायला दोन-तीन महिने लागतात, मधेच सोडू नका. अचानक कधी नव्हे इतकं दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर मात्र थेट इमर्जन्सीत.