जुन्या गाडीचा गंज घरीच काढताय? लांबीचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

आमच्या 1998 च्या मारुती 800 ला मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली वाटाण्याएवढा एक फुगा आला होता. मी तो नखानं खरवडला, पॉलिश पेपर मारला, लांबी (पत्र्यातला पोचा भरायची पुट्टी) भरली आणि डब्यातला स्प्रे मारून मोकळा झालो. दिवाळीत गाडी झकास दिसत होती. पुढच्या आषाढात त्याच जागी तीन फुगे आले आणि दाबून बघायला गेलो तर अंगठा सरळ आत गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं ती लांबी उकरून काढली, ढेकूळ हातावर तोललं आणि म्हणाले, "मालक, पत्र्याला लांबी लावत्यात. तुम्ही लांबीला पत्रा लावलाय."

फुगा दिसला की लगेच पेपर मारायला घेणं

दगड लागून टवका उडाला असेल तर तिथला गंज वरचा असतो, तो घासून जातो. पण रंग फुगून वर आला असेल तर गंज बहुतेक वेळा आतून पत्रा खात आलेला असतो. बाहेर दिसतं ते त्याचं शेवटचं टोक. म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोकं असतात. ती चिखलानं बुजली की दार आतून पाण्याचं भांडं होतं. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी डॅशबोर्डमागून उतरून पायाखालच्या नमद्यात (मॅटखालच्या जाड फेल्टमध्ये) मुरतं. वरची रबर मॅट कोरडी असते, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडायचं. खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. आधीच काचेवर पाणी ओतलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. बॅटरीखालचा ट्रेही बघा. तिथला पत्रा अ‍ॅसिडनं खाल्लेला असतो. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, वाळवून मगच हात लावा.

जुनी गाडी नुकतीच घेतली असेल तर दाराचा आतला पॅड एकदा काढाच. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापुरात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. बाहेरून धुतलेल्या गाडीच्या दारात आतल्या बाजूला पंचगंगेच्या गाळाची तपकिरी रेघ सापडली, तर आधी किती पत्रा शिल्लक आहे ते मोजा. रंगाचा विषय नंतर.

भोकावर लांबी, जाळी, एम-सील

लांबी पत्र्यातला पोचा सपाट करायला असते, भोक बुजवायला नाही. आतून उघडी राहिलेली लांबी ओल धरते आणि भोकाच्या कडा झपाट्यानं खाते. पोचा आधी हातोडी-डॉलीनं (डॉली म्हणजे मागून टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) जमेल तेवढा बाहेर काढा. लांबीचा थर 3 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. आधीच्या मालकानं काय करून ठेवलंय ते बघायला चुंबकाला फडकं गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं पकड सुटते तिथं लांबीचा थर जाड आहे.

गंज खाली चमकता पत्रा दिसेपर्यंत काढायचा, आणि डागाच्या कडेपलीकडे दोन बोटं जास्त. खड्ड्यांत राहिलेल्या काळ्या ठिपक्यांवर गंज कन्व्हर्टर (गंजाचा पक्का थर करणारं रसायन) चालतं, पण सुटणाऱ्या खपल्यांवर ते ओतून उपयोग नाही. आणि उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. आपल्याकडे जुलैत सकाळी त्यावर हळदीसारखा थर चढलेला असतो, तुमच्या बोटांच्या ठशांसकट. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा.

लांबीवर पाणी मारून घासणं

माझ्या मते घरी होणारी सगळ्यात महागडी चूक ही, कारण ती करताना काम छान चाललंय असं वाटतं. वॉटर पेपर, बादली, धूळ नाही, हात गुळगुळीत फिरतो. पण पॉलिस्टर लांबी स्पंजसारखी असते. उघड्या लांबीत मुरलेलं पाणी वरून प्रायमर आणि रंग बसला की कोंडतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात फुगे होऊन वर येतं. म्हणून लांबी कोरडीच घासा, तोंडाला मास्क लावून: आधी 80 नंबर, मग 180, शेवटी 320. त्यावर प्रायमर सर्फेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमर) चढून वाळल्यावर 600 चा वॉटर पेपर खुशाल वापरा.

कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की पत्र्यावर लाटा उठतात. त्या दिवसा दिसत नाहीत. रात्री पोर्चमधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यात बघा, नळी वाकडी दिसली की समजा.

लांबी घट्ट करायला त्यात कालवायचा हार्डनर लिंबाएवढ्या गोळ्याला हरभऱ्याएवढा पुरतो. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर लांबीत सुईएवढी भोकं पडतात आणि हार्डनरचा रंग वरच्या पांढऱ्या रंगातून डाग होऊन डोकावतो. एप्रिलच्या दुपारी तर लांबी पाट्यावरच दगड होते, तेव्हा थोडी थोडी कालवा.

वेल्डिंग

गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. गेट बनवायच्या आर्क वेल्डिंगनं तो जळून भोक दुप्पट होतं. सीओटू वेल्डिंगवाल्याकडूनच (वायूच्या आडोशात बारीक तार वितळवून टाके मारणाऱ्याकडून) करून घ्या. ठिगळ सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेल्या) पत्र्याचं असावं, छपराच्या जस्ती पत्र्याचं नको. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. टाके एकमेकांपासून लांब, जागा बदलत मारायचे, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. त्याआधी बॅटरी सोडवा, आतला नमदा आणि फोम काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा. पेट्रोल टाकीजवळ, सस्पेन्शनच्या जोडाजवळ, सीटबेल्टच्या नटाजवळ गंज असेल तर घरचा प्रयोग बंद. ते काम मिस्त्रींचंच.

रंग बिघडला तर

सुरकुत्या पडल्या, तर खालच्या जुन्या रंगावर वरचं थिनर चढलंय. वाळू द्या, घासा, मध्ये सर्फेसर द्या. बारीक गोल खड्डे पडले, तर पत्र्यावर पॉलिशचं सिलिकॉन किंवा तेल राहिलंय. पावसाळी हवेत लॅकर (थिनर उडून वाळणारा रंग) पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. हार्डनर घालून मारायचा टू-के रंग मात्र तोंडाला रुमाल बांधून घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटनं दमा जडतो, आणि रुमाल ते अडवत नाही.

शेवटी ठिगळाच्या आतल्या बाजूला कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागी मारायचं गंज रोखणारं मेण) मारा. जळकं ऑइल नको. ते रबर फुगवतं आणि धूळ धरतं. मग पहिला मोठा पाऊस झाला की मॅट उचलून नमद्यात हात घाला. यंदा माझी कमान ठणठणीत आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र ओल लागली. काचेचं रबर बदलायचं अजून राहिलंय.